मास्तरच्या पगाराचा मागोवा

लासूर आणि लासूर स्टेशन एकच समजणारा माणूस परगावचा. शिवना नदीच्या काठचं, दाक्षायणी देवीचं लासूरगाव वैजापूर तालुक्यात. आगगाडी जिथे थांबते ते लासूर स्टेशन गंगापूर तालुक्यात. १९००च्या आसपास निजामाच्या मुलखातून मनमाड ते सिकंदराबाद ही मीटरगेज लाइन टाकली गेली आणि गावाचं नाव उसनं घेऊन स्टेशन वाढलं. आता बाजार, आडत, कापूस, कांदा, दवाखाने, क्लासेस सगळं स्टेशनावर. मनमाडहून येताना रोटेगाव, परसोडा मागे टाकून गाडी इथे येते आणि पोटूळ, दौलताबाद करत छत्रपती संभाजीनगरला जाते.

सकाळी स्टेशनाबाहेर उभं राहिलं की सगळ्या शाळा एकाच वेळी रस्त्यावर दिसतात. पिवळ्या व्हॅनमध्ये टाय लावलेली पोरं, सायकलवर निळ्या-पांढऱ्या गणवेशातल्या पोरी, चालत निघालेली जिल्हा परिषदेची लहान मुलं. कुठल्या शाळेत जातोस, असं विचारलं तर उत्तरं येतात : झेडपी, हायस्कूल, इंग्लिश स्कूल. पण गंगापूर-वैजापूरच्या ज्या वाड्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्यांची ख्रिस्ती घरं आहेत, तिथल्या म्हाताऱ्या माणसाला हाच प्रश्न विचारला, तर उत्तर वेगळं येतं : ‘फादरच्या बोर्डिंगात होतो.’ किंवा ‘मिशनच्या मास्तरकडे शिकलो.’

फादर डोळ्यांनी दिसतो, सिस्टर दिसते, मास्तर तर रोजचाच. बिशप मात्र दिसत नाही. तो वर्षातून एखाद्या वेळी येतो. दृढीकरणाचा विधी असतो, गावची यात्रा असते, नाहीतर नव्या खोल्यांचं उद्‌घाटन. शाल, श्रीफळ, लेझीम होते आणि कोनशिलेवर त्याचं नाव येतं. तरीही कॅथलिक शाळेचं मूळ शोधत गेलं की वाट त्याच्याच दारात जाते. मराठी ख्रिस्ती लोक बिशपला ‘महागुरू’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्द ‘एपिस्कोपोस’, म्हणजे वरून नजर ठेवणारा. आपल्या कोर्टकचेरीतला ‘नाझर’ हा शब्दही नजरेवरूनच आलेला. म्हणजे बिशप हा धर्मप्रांताचा नाझर.

हा नाझर शाळेत नेमकं काय बघत आला? माझ्या मते एकच गोष्ट : मास्तरचा पगार कुठून येतो. बाकी सगळं त्यातून निघतं. पगार कोण देतो यावर बाकावर कोण बसतं ते ठरतं.

११७९ची नादारी

या वंशावळीचा एक फार जुना कागद रोमचा आहे. ११७९ साली पोप अलेक्झांडर तिसरे यांनी लॅटरन इथे धर्मपरिषद बोलावली. तिच्या अठराव्या कलमात बिशपांना सांगितलं आहे : आपल्या मुख्य देवळाशी एक मास्तर नेमा, त्याच्या पोटापाण्याला उत्पन्न लावून द्या, आणि त्याने देवळातल्या शिकाऊ धर्मसेवकांना व गरीब विद्यार्थ्यांना फुकट शिकवावं. शिकवण्याचा परवाना द्यायला कुणी पैसे मागायचे नाहीत, अशीही ताकीद आहे.

‘गरीब विद्यार्थ्यांना फुकट’ यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे : नादारी. जुन्या शाळांत फुल नादारी असायची, हाफ नादारी असायची. वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला आणला की फी माफ. लॅटरनच्या परिषदेने युरोपभरच्या बिशपांवर घातली ती ही फुल नादारी. पण कलम हुशारीचं आहे. गरिबाला फुकट शिकवा, एवढं सांगून ते थांबत नाही. मास्तर उपाशी राहिला तर तो फी मागणारच, हे ते जाणतं. म्हणून आधी उत्पन्न, मग नादारी.

त्या साली लासूरपासून दोन स्टेशनांवरची देवगिरी अजून यादवांची राजधानीही झालेली नव्हती. ती झाली भिल्लमाच्या काळात, आणखी काही वर्षांनी. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि तिथल्या निकुंभ राजांनी त्याला उत्पन्नं लावून दिली. शिलालेखात ते कोरलेलं आहे. रोमचा कागद आणि पाटण्याचा दगड यांची एकमेकांना गंधवार्ता नव्हती. पण दोघांना सुचलेला उपाय एकच : मास्तरच्या नावाने उत्पन्न बांधा.

आणि रोमचा आजारही आपल्या ओळखीचाच. १२१५ साली लॅटरनला पुन्हा परिषद भरली, तेव्हा आधीच्या कलमाची आठवण करून देत तिने नोंदवलं की पुष्कळ ठिकाणी ते पाळलंच जात नाही. म्हणून पुन्हा हुकूम. परिपत्रक काढायचं आणि छत्तीस वर्षांनी ‘पूर्वीच्या परिपत्रकाची अंमलबजावणी न झाल्याने’ म्हणून दुसरं काढायचं, ही रीत मंत्रालयाने शोधलेली नाही.

शहर नसलेला बिशप

मराठवाड्याच्या शाळांकडे येणारी वाट मात्र रोमहून सरळ येत नाही, ती आल्प्सच्या पायथ्याच्या आनसी गावातून येते. फ्रान्सिस द सेल्स १६०२ साली जिनिव्हाचे बिशप झाले, पण जिनिव्हा तोवर कॅल्विनच्या प्रोटेस्टंट पंथाचं झालेलं होतं. बिशपला स्वतःच्या शहरातच थारा नव्हता. ते आनसीला राहिले आणि तिथून कारभार बघत होते.

त्याआधी तरुणपणी शाब्लेच्या डोंगराळ भागात लोक त्यांचं प्रवचन ऐकायला येईनात, तेव्हा ते पत्रकं लिहून लोकांच्या दारांखालून सरकवत. पुढे १९२३ साली पोपने त्यांना पत्रकारांचे आश्रयदाते संत ठरवलं. आनसीत त्यांनी मित्रासोबत एक विद्वत्‌सभा काढली, ती फ्रान्सच्या प्रसिद्ध अकादमीच्याही पंचवीस-एक वर्षं आधीची. मार्तां नावाच्या एका मूकबधिर माणसाला त्यांनी स्वतः खाणाखुणांनी धर्म शिकवला. शहर हातातून गेलेल्या बिशपपुढे माणूस जोडायला शिकवणं हा एक मार्ग उरतो, तो त्यांनी धरला.

या संताच्या नावाने १८३८ साली पिएर मारी मेर्मिए या धर्मगुरूंनी आनसीतच एक संघ स्थापन केला. आपल्याकडे त्यांना फ्रान्सालियन म्हणतात. १८४५ साली त्यांची पहिली तुकडी भारताकडे निघाली आणि विशाखापट्टणला पोचली. तिथल्या बिशपांच्या हद्दीत तेव्हा आताच्या विदर्भाचा भागही येत होता. लवकरच हे लोक कामठीला आले. कामठीची छावणी १८२१ची. तिथल्या गोऱ्या पलटणींत आयरिश कॅथलिक शिपाई होते, त्यांना मिस्सा सांगायला पाद्री हवा होता, आणि शिपायांच्या पोरांना शाळा हवी होती.

शाळेच्या दोन फांद्या फुटल्या त्या इथे. पहिली छावणीची : इंग्रजी माध्यम, फी, शिस्त, बूट. नागपूरला १८७० साली सुरू झालेली सेंट फ्रान्सिस द सेल्सची शाळा या फांदीची. १९५६ साली त्याच नावाचं कॉलेजही निघालं. १८८७ साली नागपूरचा धर्मप्रांत झाला आणि आलेक्सी रिकाज पहिले बिशप झाले.

मराठी वाचकाला ‘बिशप’ आणि ‘शाळा’ हे शब्द जोडून ऐकले की पुण्याची बिशप्स स्कूल किंवा नागपूरची बिशप कॉटन आठवते. या दोन्ही शाळा कॅथलिक नाहीत. १८६०च्या दशकातल्या या शाळा अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या चर्चच्या. कॅथलिक बिशप आपल्या शाळेला सहसा आपलं नाव देत नाही, संताचं देतो. त्यामुळे बिशपच्या नावाने गाजलेल्या शाळा दुसऱ्यांच्या, आणि कॅथलिक बिशपांच्या शाळांवर नाव फ्रान्सिसचं, झेवियरचं, जोसेफचं किंवा मेरीचं.

दुसरी फांदी खेड्याची. ती लासूरच्या शिवारात वाढली.

गोदावरी ओलांडली की बिशप बदलायचा

१८९०च्या दशकात नागपूरच्या बिशपांचे फ्रान्सालियन धर्मगुरू औरंगाबादच्या बाजूला आले. वैजापूर तालुक्यातलं घोगरगाव हे त्यांचं ठाणं झालं. फादर मारियन थेवनेट आणि फादर गुरियन जाकियर ही दोन फ्रेंच नावं या मुलखात त्या गावाशी जोडलेली आहेत.

चर्चचा नकाशा तेव्हा मोठा मजेशीर होता. निजामाचं राज्य एक, पण हैदराबादला इटलीतल्या मिलानचे मिशनरी आणि औरंगाबादला नागपूरहून येणारे फ्रेंच. गोदावरीच्या दक्षिणेला ब्रिटिशांचा नगर जिल्हा. तिथे राहुरी तालुक्यातल्या केंदळ, वळण या गावांतून १८७०च्या दशकाच्या अखेरीपासून जर्मन भाषा बोलणारे जेझुइट काम करत होते. ते मुंबईच्या आणि १८८६नंतर पुण्याच्या बिशपांच्या हाताखाली. नदी एक, दोन्ही काठांवर तीच ज्वारी, तेच महारवाडे-मांगवाडे, सोयरिकीही या काठाच्या त्या काठाला. पण होडीतून पलीकडे उतरलं की राज्य बदलायचं, नाणं बदलायचं, बिशप बदलायचा आणि फादरची भाषाही जर्मनची फ्रेंच व्हायची. मास्तर मात्र दोन्हीकडे मराठीच.

फरक पगारात होता. ब्रिटिश मुलखात १८५४च्या वुड यांच्या खलित्यानंतर खासगी शाळांना सरकारी अनुदानाची वाट खुली झाली होती. इन्स्पेक्टर यायचा, परीक्षा घ्यायचा, पटाप्रमाणे पैसे मिळायचे. निजामाच्या मुलखात तो खलिता लागू नव्हता. तिथे दरबाराची भाषा आधी फारसी आणि १८८०च्या दशकापासून उर्दू. मराठीतून शिकवणारी शाळा हवी तर लोकांनी आपली आपण काढायची. औरंगाबादची सरस्वती भुवन १९१५ची, अंबाजोगाईची योगेश्वरी त्याच्याही नंतरची. त्याही शहरातल्या किंवा तालुक्याच्या गावच्या. गावकुसाबाहेरच्या पोरांसाठी खेड्यात मराठी अक्षरं घेऊन जाणाऱ्याला दरबारातून पैसा मिळण्याची आशा नव्हती.

मग पैसा कुठून यायचा? फ्रान्समधल्या पैशा-पैशाच्या वर्गणीतून. १८२२ साली लियों शहरात पोलीन जारिको या तरुणीच्या पुढाकाराने एक मंडळ उभं राहिलं. गिरणीतल्या बायका, मोलकरणी, कारागीर यांनी आठवड्याला एक सू द्यायचा. सू म्हणजे तिथला लहानसा तांब्याचा पैसा. दहाजणांचा एक गट आणि गटाला एक गोळा करणारा, असं ते जाळं. १८४३ साली नान्सीच्या बिशपांनी दुसरं मंडळ काढलं. त्यात देणारी शाळेतली मुलंच होती, प्रत्येकाने महिन्याला एक सू परदेशातल्या मुलांसाठी द्यायचा. जगभरच्या मिशनांचा संसार अशा निधींवर चालायचा.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी दख्खन भाजून निघालं. जनावरं खपली, माणसं देशोधडीला लागली, पोरकी मुलं मिशनच्या दारात आली. त्यांना आधी पेज मिळाली, मग पाटी. ‘बोर्डिंग’ या शब्दाचा इथला अर्थ त्या काळापासूनचा आहे. शहरात बोर्डिंग म्हणजे श्रीमंतांच्या मुलांची निवासी शाळा. घोगरगावकडे बोर्डिंग म्हणजे जिथे दोन वेळची भाकरी मिळते आणि मधल्या वेळात शिकवतात ती जागा. टीकाकार म्हणत, भाकरीसाठी बाटले. म्हणोत. भुकेला पोरगा शाळेत बसत नाही हे पुढे सरकारलाही पटलं आणि शालेय पोषण आहाराची खिचडी शिजू लागली.

मास्तर

आता ज्या माणसाच्या पगाराची ही सगळी कथा, त्याच्याकडे जरा जवळून बघू.

चर्चच्या कागदांत तो ‘कॅटेकिस्ट’, म्हणजे धर्मशिक्षक. वस्तीवर तो नुसता ‘मास्तर’, आणि त्याची बायको ‘मास्तरीणबाई’, मग ती शिकवत असो वा नसो. फादर एक, गावं वीस-पंचवीस; घोड्यावरून किंवा बैलगाडीने तो महिन्या-दोन महिन्यांनी एका गावाला पोचणार. रोजचं मिशन चालायचं ते मास्तरच्या खोलीत. खोलीला शेणाने सारवलेली जमीन, कोनाड्यात कंदील, भिंतीला मारियेचं चित्र आणि खुंटीला छत्री. दिवसा पोरं गुरांमागे, म्हणून शाळा दिवे लागल्यावर. धुळीत बोटाने अ गिरवायचा, मग पाटीवर, आणि पाट्या पुरेनात तर दोघांत एक.

प्रोटेस्टंट मिशनांना प्रत्येक माणसाने बायबल स्वतः वाचायला हवं होतं, म्हणून तिकडे वाचनावर भर. कॅथलिकांचा भर पाठांतरावर. देव कोण आहे, त्याने आपल्याला कशाला निर्माण केलं, अशा प्रश्नोत्तरांची माळ अख्खी वस्ती एका सुरात म्हणायची. पाढे त्याच सुरात, प्रार्थनाही त्याच सुरात. पण अक्षर एकदा डोळ्यांत शिरलं की ते प्रश्नोत्तरांपाशी थांबत नाही. वर्षा-दोन वर्षांत त्याच वस्तीतलं एखादं पोरगं सावकाराचा कागद वाचून दाखवायला लागतं. अंगठ्याऐवजी सही येते. मास्तर स्वतः पत्रं लिहून द्यायचा, तहसिलीत अर्ज करायचा, दवाखान्यात माणूस घेऊन जायचा, सोयरिक जुळवायचा आणि भांडणही मिटवायचा. या सगळ्याचे त्याला महिन्याला थोडेसे रुपये मिळत आणि तेही फादरकडे आले तर.

महिनाअखेरीला मास्तर चालत मिशनच्या ठाण्यावर यायचे. मुक्काम, प्रार्थना, पुढच्या महिन्याच्या सूचना आणि पगार. या दिवसाला मिशनच्या गावांत सणाची कळा असायची. लियोंच्या मोलकरणीचा सू आनसी, नागपूर अशा हातांतून फिरत निजामाचा हाली रुपया होऊन मास्तरच्या तळहातावर पडायचा. ११७९च्या कलमातलं ‘उत्पन्न’ ते हेच.

तो ओघ आटायला एक महायुद्ध पुरलं. १९१४ साली युद्ध पेटलं आणि गोदावरीच्या दक्षिण काठावर जर्मन जेझुइट एका रात्रीत शत्रुराष्ट्राचे नागरिक झाले. नगरलाच जर्मनांना डांबण्याचा मोठा कॅम्प होता. पुढे त्यांना मायदेशी धाडलं गेलं. पुण्याचे बिशप हेन्री डोरिंग यांची तर १९२१ साली हिरोशिमाला नेमणूक झाली. ते पुण्याला परतले १९२७ साली. उत्तर काठावरचे फ्रेंच मात्र इंग्रजांच्या दोस्तराष्ट्राचे, त्यांना कुणी हात लावला नाही. पण त्यांच्या गावाकडची माणसं खंदकांत होती आणि वर्गणी देणारे हातच कमी झाले होते. फादर राहिला तरी पैसा कुठे राहिला होता?

नाझराचं ऑफिस जवळ येतं

स्वातंत्र्यानंतर नकाशा पुन्हा आखला गेला. १९५३ साली नागपूर महाधर्मप्रांत झाला, १९५५ साली अमरावती वेगळा निघाला आणि औरंगाबादचा मुलूख अमरावतीकडे गेला. अमरावतीचे पहिले बिशप जोसेफ रोझारिओ चाळीस वर्षं त्या खुर्चीवर होते. १७ डिसेंबर १९७७ला अमरावतीतून औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत निघाला आणि डॉमिनिक अब्रेओ पहिले बिशप झाले. लासूरकरांच्या हिशेबाने बिशप नागपूरहून अमरावतीला आणि अमरावतीहून औरंगाबादला, असा टप्प्याटप्प्याने जवळ येत गेला. शेवटी तो पॅसेंजरच्या तिकिटात भेटण्याइतका जवळ आला. दहा वर्षांनी, १९८७ साली, नदीपलीकडे नाशिकचा धर्मप्रांत झाला. तिथले पहिले बिशप थॉमस भालेराव हे नगरकडच्या मराठी मातीतले जेझुइट. आडनावावरून गावकी कळावी असा बिशप या भागाने तेव्हा पाहिला. वसईचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांची पीएच.डी. तर तुकोबांवर आहे.

पण याच काळात पगाराचं गणित दोन ठिकाणी पालटलं.

पहिलं दिल्लीत. घटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढून चालवण्याचा हक्क दिला. बिशपांच्या शाळांना त्याचं छत्र मिळालं. घटना लागू झाली त्याच १९५० साली, ऑगस्टमध्ये निघालेल्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या यादीत फक्त हिंदू ठेवले. शिखांना १९५६ साली आणि बौद्धांना १९९० साली त्यात आणलं गेलं, ख्रिस्ती झालेले दलित बाहेरच राहिले. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढलं, पुढे मिलिंद म्हणून ते मराठवाड्यातल्या दलितांचं विद्यापीठच झालं. एकाच वाड्यातले दोन चुलतभाऊ, एकाला शिष्यवृत्तीचा फॉर्म आणि दुसऱ्याला नाही, कारण त्याच्या आजोबांच्या कपाळावर घोगरगावच्या फादरने पाणी घातलं होतं. त्या दुसऱ्याची नादारी सरकारने नाकारली म्हणजे ती फिरून बिशपच्याच अंगावर आली.

दुसरा बदल महाराष्ट्र सरकारच्या तिजोरीत. मराठवाडा आधी १९५६ साली द्विभाषिक मुंबईत आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. अनुदानित शाळांतल्या शिक्षकांचा पगार सरकार देऊ लागलं. आठशे वर्षांचा प्रश्न जणू सुटला. मिशनच्या मराठी शाळांतला मास्तर ‘सर’ झाला, त्याला वेतनश्रेणी आली, पेन्शन आली. बिशपच्या ऑफिसातली फाइलही बदलली. आता तिच्यात वैयक्तिक मान्यता, संचमान्यता, बिंदुनामावली. पगारासाठी फ्रान्सला पत्र लिहायची गरज उरली नाही, जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे खेटे घालायचे.

मग सरकारनेच हात आखडता घेतला. विनाअनुदानित धोरण आलं, त्याला ‘कायम’ हा शब्द जोडला गेला. २०१२ साली स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आला. स्वयंअर्थसहाय्यित म्हणजे पगार पालक देणार. ज्या गावात स्टेशन आहे, बाजार समिती आहे, कांद्याचा पैसा खेळतो, त्या गावाला इंग्रजी शाळा हवीच असते, आणि ‘कॉन्व्हेंट’ या शब्दाला तिथे भाव असतो. तो इतका, की ज्या शाळेत एकही सिस्टर नाही तीही पाटीवर कॉन्व्हेंट लिहिते. अशी छावणीची फांदी खेड्याच्या बाजारपेठांपर्यंत येऊन पोचली. औरंगाबादच्या जालना रोडवरच्या सेंट फ्रान्सिस हायस्कूलसाठी शहरातले सगळ्या धर्मांचे आईबाप पिढ्यान्‌पिढ्या धडपडत आले. तीच धडपड आता तालुक्याच्या गावांत दिसते.

आता पाटीवर काय

शहराचं नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झालं. धर्मप्रांत अजून औरंगाबादचा म्हणूनच ओळखला जातो. जिनिव्हाचे बिशप आनसीला राहत तसं काहीसं.

चर्चच्या १९८३च्या कायद्यात नाझराचे अधिकार स्वच्छ लिहिले आहेत. शाळा नसतील तर त्या निघतील हे बिशपने बघायचं. त्याच्या हद्दीतल्या कॅथलिक शाळांवर, त्या संघांच्या असोत नाहीतर सिस्टरांच्या, देखरेख आणि भेटीचा अधिकार त्याचा. आणि अधिकाऱ्याच्या संमतीशिवाय कुठल्याही शाळेने ‘कॅथलिक’ हे नाव लावायचं नाही. मालकी कुणाचीही असो, नजर बिशपची. २००७ साली भारतातल्या बिशपांनी मिळून कॅथलिक शिक्षणाचं धोरण ठरवलं, त्यातही गरीब आणि दलित मुलांना पहिला मान आहे. म्हणजे ११७९चं कलम तिथे पुन्हा एकदा लिहिलेलं आहे.

पण कोर्टात वेगळंच घडलं. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांना पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांना फुकट द्यायला सांगितल्या. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून सूट दिली. सप्टेंबर २०२५मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने त्या सुटीवर प्रश्नचिन्ह लावलं आणि प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठवण्याचा निर्णय घेतला. सुटीच्या बाजूने सांगण्यासारखं आहे. अनुदान नाही, सरकारची प्रतिपूर्ती वेळेवर येत नाही, आणि आज पंचवीस टक्के मान्य केले तर उद्या कारभारातच हात घालतील, ही भीती केरळपासून सगळ्या बिशपांना आहे. फीवर चालणाऱ्या शाळेतून गावाकडच्या बोर्डिंगला मदत जाते, हेही खरं. तरी गरिबाला फुकट शिकवण्याची सक्ती ज्यांच्यावर आठशे वर्षांपूर्वीच झाली, त्यांच्याच वारसांना तसल्या सक्तीतून सूट मिळावी, यात काहीतरी खुपतं. सूट कायद्याने मिळते. ती घ्यायची की नाही, हे नाझराने ठरवायचं असतं.

या भागातल्या कितीतरी जुन्या शाळांत घंटा म्हणजे झाडाला किंवा वाशाला टांगलेला रुळाचा हातभर तुकडा. मीटरगेजचे रूळ निघाले, नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज आलं, पण असले तुकडे राहिले. लोखंडी कांबीने ठोका दिला की आवाज शिवारभर जातो आणि त्या आवाजाला फी नसते. बांधावरच्या गुराख्यालाही दहा वाजल्याचं कळतं.

स्टेशनाबाहेरच्या पिवळ्या व्हॅन भरून निघून जातात. शेवटी उरतं ते एखादं पोरगं, दप्तर पाठीला, आजोबांचं बोट धरून. आजोबा बोर्डिंगात शिकलेले. त्यांच्या वेळी दाखला आणला की फीच्या रकान्यात ‘माफ’ लिहीत. आता नातवाच्या प्रवेशाचा छापील फॉर्म त्यांच्या खिशात आहे. ते चष्मा काढून, फॉर्म डोळ्यांजवळ धरून, नीट वाचतात. वाचायला त्यांना मिशनच्या मास्तरनेच शिकवलेलं आहे. फॉर्ममध्ये नाव, जन्मतारीख, धर्म, जात, पालकांचं उत्पन्न आणि फीचे हप्ते यांचे रकाने आहेत. नादारीचा रकाना ते दोनदा शोधतात, पान उलटूनही बघतात.